हौदाचा दोष नव्हता

१२ जानेवारी

शहाण्या,

सविस्तर उत्तर नको. एवढंच कळव, तुझी नखं कशी आहेत? उभ्या रेघा पडल्यात का? टोकाला भुगा होतो का? की लहानपणी होती तशीच गुळगुळीत आहेत? आणि केस कधी पिकायला लागले? कलप लावत असशील तर त्याखाली काय आहे ते सांग.

सतरा वर्षांनी बहिणीचं पत्र यावं आणि त्यात नखांची चौकशी असावी, म्हणजे बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तुला वाटेल. वाटू दे. तुझा पत्ता मला तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या जाहिरातीत सापडला. फोटोत तू टोपी घालून उभा आहेस. टोपी घातली नसतीस तर निदान केसांचा प्रश्न तरी वाचला असता.

इकडे सगळं ठीक आहे. भिंगरी एकोणीस वर्षांची झाली. तू गेलास तेव्हा माझी ही पोरगी दोन वर्षांची होती आणि तुझ्या चपला लपवून ठेवायची. आता सायकली दुरुस्त करायला शिकते. यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून हे जिना चढताना मध्येच थांबतात आणि भिंतीवरचं काहीतरी निरखून बघत असल्याचं सोंग करतात. बाबांचा लोकर रंगवायचा कारखाना मी बंद केला. छोटे हौद भंगारात गेले. मोठा हौद दारातून निघेना, म्हणून तो तिथेच आहे.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. आळस करू नकोस.

ताई


३० जानेवारी

शहाण्या,

उत्तर नाही. म्हणजे रुसवा अजून शाबूत आहे. तुझी ही खोड बाबांनाही मोडता आली नाही, मला काय मोडणार.

मागच्या पत्रात ‘सगळं ठीक आहे’ असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. भिंगरी आजारी आहे.

गेल्या उन्हाळ्यापासून तिच्या हातापायांवर काळेनिळे डाग उठायचे. ती म्हणायची, पाना निसटला, साखळी लागली. मी मान डोलवायचे. आपल्या घरात आजाराला नेहमी धंद्याचंच नाव मिळालं. बाबांचा खोकला हौदाच्या वाफेचा. माझे केस पंचविशीत पांढरे झाले, तेही वाफेनेच. आपल्या धाकट्या भावाची नखं रंगाने गेली. तसे भिंगरीचे डाग पान्याचे.

नोव्हेंबरात एका दुपारी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं ते तीन तास थांबेना. दोन टॉवेल भिजले. रुग्णालयात प्लेटलेट्स मोजल्या, नऊ हजार. दीड लाखाच्या वर असायला हव्यात. रक्ताच्या डॉक्टरीणबाई आल्या. बुटक्या आहेत, चालतात मात्र तुरुतुरु. त्यांनी भिंगरीची नखं पाहिली, तोंड उघडायला लावून जिभेवरचा पांढरा चट्टा पाहिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आई, आता तुमचे हात दाखवा बघू."

मी हात पाठीमागे घेतले. शाळेत मार चुकवायला घेतात तसे. मला वाटलं, आता ही बाईसुद्धा तेच म्हणणार, जे तू म्हणाला होतास.

नखं कळव रे.

ताई


१९ फेब्रुवारी

शहाण्या,

तुझं कार्ड मिळालं. "नखं ठीक. केस चाळिशीनंतर, थोडे. का?" सतरा वर्षांचे सहा शब्द! चष्मेवाले नंबरासारखे शब्दही मोजून देतात वाटतं. मी ते चार वेळा वाचलं. मग यांना दिलं, तर यांनी उलटं करून पाठीमागे आणखी काही आहे का ते पाहिलं.

आता तुझ्या ‘का’चं उत्तर. सावकाश वाच, मलाही समजायला दोन आठवडे लागले.

भिंगरीच्या हाडांतला मगज रक्त बनवायचं काम सोडत चाललाय. कारण तिच्या एका जनुकात बिघाड आहे. डॉक्टरीणबाई त्याला म्युटेशन म्हणतात. आपल्या पेशींमध्ये जे धागे असतात ना, आईबापांकडून आलेले, त्यांच्या टोकांना एक आवरण असतं. पेशीची वाढ होऊन तिच्या दोन झाल्या की ते टोक थोडं झिजतं. ती झीज भरून काढणं हे या जनुकाचं काम. त्यात साडेतीन हजारांच्या आसपास अक्षरं आहेत आणि आपल्या घरात त्यातलं एक बदललेलं आहे. एकच. मला हे कळलं ते आपल्या लोकरीच्या लडीवरून. टोकाची गाठ सैल राहिली तर लडी हौदात फिरता फिरता उसवत जाते. शरीरात जिथे भराभर नव्या पेशी लागतात तिथे आधी टंचाई पडते. नखं, केस, तोंडाची आतली कातडी, रक्त. काहींची फुप्फुसं.

बाबांची फुप्फुसं, शहाण्या.

आईबापांपैकी एकात असेल तर मुलात यायची शक्यता निम्मी. कुणाला किती त्रास होईल ते सांगता येत नाही. पण पुढच्या पिढीला टोकं आधीच आखूड मिळतात, त्यामुळे बहुतेक वेळा आजार लवकर गाठतो. माझं रक्त तपासलं. माझ्यात आहे. म्हणजे भिंगरीला ते मी दिलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा त्यावर तू काही लिहू नकोस.

तुला आठवतं, धाकट्याची नखं तेराव्या वर्षी फुटायला लागली तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता? बाबांचा नियमच होता, नखं गेली की रंगारी झाला. त्यांनी त्याला मोठा हौद ढवळायचा दांडा हातात दिला आणि फोटोवाल्याला बोलावलं. फोटोत धाकटा दोन्ही पंजे पुढे करून हसतोय. तोपर्यंत पोरगं शाळेतून आल्यावर तासभर लोकर वाळत घालायचं, बस्स. रंगात हात बुडवलाच नव्हता त्याने. आपल्यापैकी एकालाही प्रश्न पडला नाही की मग नखं कशाने गेली. तुझी नखं धड राहिली म्हणून बाबा तुला ‘पाहुणा’ म्हणायचे आणि तू चिडून अंगणात जाऊन बसायचास.

मी डॉक्टरीणबाईंना धाकट्याबद्दल सांगितलं. एकविसाव्या वर्षी गेला, रक्त बनायचं थांबलं होतं, आणि सगळे म्हणत होते की रंगातल्या रसायनांनी झालं. त्यांनी जुन्या रुग्णालयाला पत्र पाठवलं. तुला खरं वाटणार नाही, पण तेव्हा त्याच्या कमरेच्या हाडातून काढलेला तुकडा त्यांनी मेणात बसवून तळघरात जपून ठेवला होता. नखाएवढा तुकडा. सतरा वर्षं तिथे होता आणि मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर जाऊन त्या दाराशी उभी राहिले असते.

त्याची तपासणी झाली. त्याच्यातही तेच अक्षर बदललेलं आहे.

डॉक्टरीणबाई प्रामाणिक आहेत. म्हणाल्या, "रसायनांनी काहीच केलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण तो कुठेही वाढला असता तरी हे त्याच्यासोबतच असतं."

त्याला पोचवून आलो त्या दिवशी तू सगळ्यांसमोर दारात म्हणालास, "बाबांना हौदाने मारलं, आणि याला तू." ते मी सतरा वर्षं खरं मानलं. कारखाना चालवायचा म्हणून मीच त्याला ठेवून घेतलं होतं. तुझं म्हणणं ऐकून शिकायला पाठवलं असतं तर, हा विचार मी भाजी निवडताना, बसची वाट बघताना, कुठेही करत आलेय.

रिपोर्ट हातात घेऊन मी रुग्णालयाच्या बाकावर बसून रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, वाईट बातमी आहे का? मी रिपोर्टच त्यांच्यापुढे धरला.

तुझ्या मुलांसाठी तू तपासून घे. एवढ्यासाठीच लिहिलं.

ताई


११ मार्च

शहाण्या,

थंडी कमी झाली. भिंगरीला एक गोळी सुरू केली आहे, तिने थोड्या पेशी वाढतात पण चेहऱ्यावर लव येते. आरशात बघून म्हणते, "आई, मला मिशा फुटल्या तर दुकानात गिऱ्हाइकं जरा घाबरून राहतील." दर आठवड्याला रक्त चढवावं लागतं. माझा मगज घ्या म्हणून मी किती गयावया केली, पण सैल गाठ असलेली लडी काय कामाची. हे द्यायला तयार आहेत, पण यांच्या हृदयाकडे बघून यांना भूल द्यायला कुणी धजत नाही. जगभरच्या यादीत शोधून झालं, जुळणारं कुणी सापडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बघू, मार्ग निघेल.

तुझ्या दुकानात काचा घासायला माणूस आहे का, की तूच घासतोस? तुझी बायको कशी आहे? मुलं अभ्यासात कुणावर गेलीत? तुझ्यावर गेली असतील तर मास्तरांशी वाद घालत असतील.

बाकी विशेष काही नाही.

ताई

मामा, मी भिंगरी. पाकीट चिकटवायला आईने माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. मला लाज वाटत नाही, कारण पत्र माझ्याबद्दलच आहे. आई चार पत्रं लिहूनही मुख्य गोष्ट सांगत नाहीये. ती रोज संध्याकाळी लिहायला बसते, एक ओळ लिहिते आणि खोडते. ती ओळ अशी: तुमच्यात हा बिघाड नसेल, तर तुमचा मगज मला चालू शकतो. भाचीशी मामा निम्मा जुळायची बरीच शक्यता असते आणि आता निम्म्यावरही करतात. तुम्हाला भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतील. काही दिवस बसताना दुखेल. माझ्याकडे वेळ किती आहे ते डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत, म्हणजे फार नसावा. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. आई समजून घेणार नाही, पण तसं दाखवेल. तुमच्या चपला मी लपवायचे म्हणे. सॉरी.


४ एप्रिल

ताई,

भिंगरीला सांग, एक चप्पल सापडलीच नाही. मी गेलो तो धाकट्याच्या चपला घालून. त्या अजून माझ्याकडे आहेत.

दोन्ही तपासण्या झाल्या. माझ्यात बिघाड नाही. आणि मी तिच्याशी निम्मा जुळतो. इथल्या डॉक्टरांनी तुमच्या डॉक्टरीणबाईंना सगळं कळवलं आहे. दुकान बायको बघेल. मी येतोय.

यायच्या आधी एक सांगायला हवं. समोर उभा राहिलो तर माझ्याच्याने सांगवणार नाही.

सतरा वर्षं मी मुलांना सांगत आलो की मी वेळेवर बाहेर पडलो म्हणून वाचलो. अक्कल होती म्हणून वाचलो, असं. परवा रिपोर्ट आला आणि कळलं की अक्कलबिक्कल काही नाही. निम्मी शक्यता होती, ती माझ्या बाजूने पडली आणि धाकट्याच्या बाजूने नाही पडली, एवढंच. रिपोर्ट चांगला होता ताई, आणि मला दुकान बंद करून आत बसावं लागलं.

आणि दुसरं. तो जायच्या आठ महिने आधी त्याने मला सांगितलं होतं की हिरड्यांतून रक्त येतं. म्हणाला, "ताईला सांगू नको दादा, ती घाबरून कारखाना बंद करेल." मी नाही सांगितलं. त्याच्यासाठी नाही. मला वाटलं, जरा वाढू दे, म्हणजे हा आपणहून कंटाळेल, हौद सोडेल आणि माझ्याकडे शहरात येईल. मी वाट बघत बसलो. त्या दिवशी दारात मी जे तुला म्हणालो ते मला कुणीतरी म्हणेल याची मला भीती होती, म्हणून मी आधी म्हणालो.

तू मला आत घेतलं नाहीस तरी मी रुग्णालयात जाईन. ते काम वेगळं आहे.

शहाणा


१० एप्रिल

दीडशहाण्या,

आत घेतलं नाहीस तर म्हणे! तुझी खाट यांनी परवाच झटकून ठेवली, आणि त्या श्रमाने दोनदा खाली बसले.

तुझं पत्र वाचून मला राग आला. खूप आला. पातेलं इतकं जोरात आपटलं की भिंगरी बाहेर आली. मग मी तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं, आणि जे तिला सांगितलं ते तुलाही सांगते. आजवर यांनाही माहीत नव्हतं.

धाकट्याच्या उशीचे अभ्रे कोण धुवायचं? मी. त्यांवर डाग असायचे. मी स्वतःला सांगायचे, लाल रंगाचा हात लागला असेल. अरे, बाराव्या वर्षापासून मी रंग ओळखते. ओला लाल कोणता, वाळल्यावर तो कसा दिसेल, कुठला कच्चा, कुठला पक्का, डोळे मिटून सांगेन. मला रक्ताचा डाग ओळखू येणार नाही होय? आला होता. पहिल्याच दिवशी ओळखू आला होता. पण त्या मोसमात काम गळ्यापर्यंत आलं होतं आणि मोठा हौद तोच सांभाळायचा, म्हणून मी थंड पाण्यात अभ्रा धुतला आणि मूग गिळून बसले. तू दारात बोललास तेव्हा मला धक्का नव्हता बसला. मला वाटलं, कळलं याला.

म्हणजे तुला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, आणि त्याला वाटत होतं की कुणालाच माहीत नाही. आपण तिघेही एकमेकांना जपत होतो, आणि जपण्याची तऱ्हा ही अशी.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, आठ महिने आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, त्या काळी बहुधा नसता वाचला. बहुधा. तो शब्द तू आणि मी निम्मा निम्मा वाहू. मी आता एकटी नाही वाहणार तो.

सकाळच्या गाडीने ये. सर्दी-खोकला असेल तर तसाच परत पाठवीन, आधीच सांगते.

ताई


२९ एप्रिल

शहाण्या,

ही चिठ्ठी नर्सकडे देतेय. तू दुसऱ्या मजल्यावर पालथा पडलेला, मी चौथ्यावर, आणि दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

तुझी पिशवी साडेअकराला वर आली. गडद लाल, रक्तापेक्षा जरा दाट. मी रंगारीण आहे, तरी असा रंग कधी पाहिला नव्हता. थेंब थेंब चालू आहे. भिंगरी म्हणाली, "मामाचा स्वभाव पण येतो का यातून?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही, फक्त रक्तगट." भिंगरी म्हणाली, "वाचले."

कंबर फार दुखतेय का? गोळी माग. पुरुषार्थ दाखवू नकोस.

ताई


२१ मे

शहाण्या,

हे पत्र तुला वॉर्डाबाहेरच्या कपाटात मिळेल, माझ्या चपलांच्या शेजारी. आतल्या बाईंना सांगून ठेवलंय. आत एका वेळी एकच माणूस बसू शकतं, आणि पासावर तेवीस दिवस माझंच नाव होतं. आज तुझं घातलं. नात्याच्या रकान्यात ‘मामा’ लिहिलं. त्यांनी विचारलं, सख्खा का? म्हटलं, आता तर फारच सख्खा.

नीट वाच आणि मगच आत जा. हात कोपरापर्यंत धू, घड्याळ बाहेर ठेव. मास्क नाकावरून घसरू देऊ नकोस. तिच्या तोंडात फोड आलेत, तेव्हा पाणी चमच्याने आणि उकळून थंड केलेलंच. सांडलं तर ती चिडेल, तू चिडू नकोस. डोक्यावर केस नाहीत, एकदम बघून चेहरा पाडू नकोस, तिचं बारीक लक्ष असतं. ताप दर तासाला लिहायचा. झोपेत पाय झाडते, पांघरूण परत घालायचं. धाकट्याबद्दल विचारेल. माझ्याकडून ऐकून झालंय, आता तुझ्याकडून ऐकायचंय तिला. खरं खरं सांग, तो वाईट गायचा हेसुद्धा.

काही गोष्टी तुला माहीत असाव्यात. हे सगळं जमलं तरी फक्त रक्त नवं होईल, बाकीच्या शरीरात ते अक्षर बदललेलंच राहणार. तिला जन्मभर तपासण्या कराव्या लागतील. माझ्याही फुप्फुसांचा फोटो काढलाय, त्याचं मागाहून बघू. त्याबद्दल आज चकार शब्द नको.

गेल्या चोवीस तासांचं सांगते. काल सकाळपर्यंत तिच्या पांढऱ्या पेशी शून्य होत्या. बावीस दिवस रोज सकाळी कागद यायचा आणि त्यावर शून्य असायचं. मी त्या कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवायचे आणि तिला सांगायचे, आज जरा उशिरा येणार आहे रिपोर्ट.

आज सहा वाजता कागद आला. दोनशे चाळीस. डॉक्टरीणबाई स्वतः धावत आल्या आणि मला दाराबाहेर ओढून म्हणाल्या, "धरला हो मगज, रुजला." त्यांनी मला खुर्चीत बसवलं. दोनशे चाळीस, आणि त्या बहुतेक सगळ्या तुझ्याच असणार.

मी आत गेले तेव्हा भिंगरी झोपली होती. उठवून सांगावं म्हणून वाकले आणि थांबले.

तिला अजून कुणीही सांगितलेलं नाही. ती आठच्या सुमारास उठते. तू सांग. मी घरी जाऊन झोपतेय.

ताई